चुन्याच्या ड्रमातले स्फटिक

मी एकतीस वर्षं सरकारी पगारावर अळ्या पाळल्या. मला बघायला पाहुणे आले की बाबांना पहिला प्रश्न ठरलेला असायचा, मुलगी नोकरीत काय करते. बाबा गिरणीतले, सरळ माणूस. ते शांतपणे सांगायचे, "अळ्या पाळते." दोन स्थळं एवढ्यावरच चहा पिऊन परत गेली. तिसऱ्यानं विचारलं, "कशाच्या?" त्याच्याशी मी लग्न केलं.

अळ्या लिंबावरच्या फुलपाखराच्या. लहान असताना त्या अगदी पाखराच्या शिटेसारख्या दिसतात, म्हणून कुणी जवळ जात नाही. मोठ्या झाल्या की हिरव्यागार, करंगळीएवढ्या होतात आणि बोट लावलं की डोक्यावर शेंदरी रंगाचं शिंग काढून घाण वास सोडतात. तो वास माझ्या पदराला कायमचा लागलेला होता. नागपूरच्या कडेला संत्र्याच्या एका बागेला लागून आमची तीन खोल्यांची प्रयोगशाळा होती. तिथे काचेच्या बरण्यांत, तोंडाला मलमल बांधून, मी या अळ्यांना रोज ताजी लिंबाची पानं घालायची. बरणीखाली वर्तमानपत्र अंथरायची आणि सकाळी त्यावर पडलेल्या लेंड्या मोजून वहीत लिहायची. हो, मोजून. बी.एस्सी. झालेल्या मुलीनं सकाळी आठ वाजता अळ्यांच्या लेंड्या मोजायच्या, यात मानाचं काय, असं घरचे विचारायचे. त्याचं उत्तर मला पुढे काटोलला मिळालं, ते सांगतेच.

अळ्या पाळायच्या त्या मारण्यासाठी. आज बीटी म्हटलं की शेंबडं पोरही कपाशी म्हणतं. तेव्हा ते नाव आमच्या खोलीबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. बीटी हा एक जंतू आहे. मातीत असतो, धान्याच्या धुळीत असतो. आमचा जंतू मी स्वतः मौद्याच्या एका राईस मिलमधून धुळीच्या पुडीत आणला होता. उपासमार झाली की तो आपल्या अंगात एक बी तयार करतो, वाईट दिवस काढण्यासाठी. असं करणारे जंतू बरेच आहेत. पण हा त्या बीशेजारी आणखी एक वस्तू बनवतो, आणि तीच त्याची कमाल. प्रथिनाचा एक स्फटिक. सूक्ष्मदर्शकाखाली लाल रंग देऊन पाहिला, तर अगदी पत्त्यांतल्या चौकटसारखा दिसतो. बी रंग घेत नाही, काचेच्या मण्यासारखी चमकत राहते, आणि तिच्या बाजूला हा लालबुंद चौकट. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेले, डोळे पुसले आणि परत येऊन पाहिलं. चौकट तिथेच होता. एवढ्याशा जंतूला इतक्या नीट कडा काढायला कुणी शिकवलं, असं वाटून मला उगीचच भरून आलं होतं.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख पाठकसाहेब शिकलेले खूप, बोलायचे कमी. त्यांनी मला एकदाच समजावून सांगितलं आणि ते मी जन्मभर विसरले नाही. हा स्फटिक पाण्यात विरघळत नाही. आपल्या पोटातल्या आंबट रसात गेला तर त्याचं काही चालत नाही, साधं प्रथिन म्हणून पचून जातो. पण अळीचं पोट आपल्या उलट असतं. तिथे आंबट नाही, तर कडक खार असतो. त्या खारात स्फटिक विरतो, त्यातलं प्रथिन सुटं होतं. मग अळीचाच पाचकरस त्याला कापून त्यातलं विष मोकळं करतो, म्हणजे तिचा घात तिच्याच पोटात शिजतो. ते विष आतड्याच्या अस्तराला जाऊन चिकटतं आणि अस्तर फाडतं. नेमकी भोकं कशी पडतात हे जगाला पुढे कळलं, पण परिणाम आम्हाला रोज दिसत होता. स्फटिक खाल्लेली अळी काही तासांत खाणं सोडते. मरते मात्र दोन-तीन दिवसांनी.

हे दोन-तीन दिवस हेच आमचं मोठं दुखणं. लोकांना एंड्रिन या जहाल विषाची सवय झालेली. फवारलं की अर्ध्या तासात अळ्या टपटप खाली. आमची भुकटी फवारली की दुसऱ्या दिवशीही अळ्या पानावर ठाण मांडून. बुटीबोरीत तेव्हा कारखाने नव्हते, शेतीच होती. तिथले एक गृहस्थ तर भुकटी घरी नेऊन खाटेच्या सांध्यांत भरून आले आणि ढेकूण मरत नाहीत अशी तक्रार घेऊन सायकलवर परत आले. मी म्हटलं, "दादा, ढेकूण रक्त पितो, पान खात नाही. ही भुकटी खाणाऱ्यासाठी आहे." ते म्हणाले, "मंग तसं पुडीवर लिव्हत जा ना बाई." त्यांचं बरोबर होतं. पुडीवर काय लिहायचं हे आम्हाला कळत नव्हतं, याचा मोठा पुरावा लवकरच मिळायचा होता.

आणीबाणी उठल्यानंतरचा पोळा झाला आणि आठवड्याभरात एका मंगळवारी सकाळी पार्वतामावशी आमच्या दारात उभ्या राहिल्या. काटोलजवळ त्यांची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, सगळं त्याच बघत. जंबेरीची, म्हणजे रानलिंबाची, रोपं वाफ्यांत वाढवायची आणि थंडीत त्यांच्यावर संत्र्याचा डोळा बांधायचा. त्या रोपांच्या कोवळ्या पानांवर आमच्या या अळ्या तुटून पडतात. चार दिवसांपूर्वी मीच त्यांना भुकटीच्या पुड्या दिल्या होत्या. नुसत्या दिल्या नव्हत्या, शब्द दिला होता की अळी राहणार नाही.

मावशींनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, माझ्या टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. आत डझनभर अळ्या. जाडजूड, तजेलदार. झाकण उघडताच सगळ्यांनी शिंगं काढली.

"सुमन, हे तुह्या औषधाचे गुण पाह्य," त्या म्हणाल्या. "मले त वाटून राहिलं, तू यायले खुराक देल्ला."

मला तोंड वर करवेना. मावशींनी आमची भुकटी घेतली ती हौस म्हणून नव्हे. आदल्या वर्षी त्यांच्या रोपवाटिकेत एंड्रिन फवारलं होतं. फवाऱ्यानंतर निंदायला बसलेली कौसल्या नावाची बाई वाफ्यातच आडवी झाली. पंधरा दिवस दवाखान्यात होती. वाचली, पण हात थरथरायचे राहिले नाहीत आणि त्यानंतर तिनं वाफ्यात पाय ठेवला नाही. बांधावर बसून पिशव्यांत माती भरायची, बस्स. निंदण, म्हणजे गवत काढणं, हे हातानं, रोपांच्या बुंध्याशी बसून करायचं काम. बायकांची नाकं पानांना टेकतात. मावशींनी तेव्हाच ठरवलं होतं की वाफ्यात पुन्हा विष नाही.

"आता पर्वा सकाळी दुकानदार पंप घेऊन येते," त्या म्हणाल्या. "मीच त्याले बोलावलं. काय करू? चार दिवसांत नुसत्या काड्या रायतीन. मह्या पोटावर पाय देऊन कसं चालन?"

पाठकसाहेबांनी डब्यातल्या अळ्या पाहिल्या आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बॅच बिघडली असेल. तसं अहवालात लिहून टाकू." बॅच माझी होती. मी म्हटलं, "साहेब, मला एकदा जाऊन बघू द्या." ते म्हणाले, जा, पण एसटीच्या भाड्याचं काय ते नंतर बघू. मी मावशींबरोबरच त्या दुपारच्या गाडीत बसले.

रोपवाटिकेत पोचून मी सगळं विचारलं. भुकटी कधी भिजवली? तुह्या पुडीवर लिव्हलं तशी, सकाळी. फवारली कधी? उन्हं उतरल्यावर, तेही लिव्हलं तसंच. पंप? नवा. पाणी? विहिरीचं. सगळं बरोबर. उन्हात आमचे स्फटिक टिकत नाहीत म्हणून संध्याकाळचा फवारा, आणि भुकटी नीट भिजावी म्हणून सकाळपासून पाण्यात, हे माझंच शास्त्र. ज्या ड्रमात भिजवली त्याच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं. ते मी एका बाटलीत भरून घेतलं आणि शेवटच्या गाडीनं परतले.

बुधवारी सकाळी पहिलं काम ते केलं. बाटलीतला थेंब काचपट्टीवर घेतला, रंग दिला, धुतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बिया होत्या, भरपूर. चौकट एकही नव्हता.

मी पट्टी सरकवत राहिले. दुसरी पट्टी केली, तिसरी केली. बियाच बिया, शेजार रिकामा. म्हणजे साहेब म्हणाले ते खरं, मी बिनस्फटिकाची बॅच लोकांना वाटली. मग त्याच बॅचमधली एक न उघडलेली पुडी कपाटातून काढली, नळाच्या पाण्यात कालवली आणि पाहिली. चौकटच चौकट, जत्रा भरल्यासारखे. माझी बॅच धडधाकट होती. स्फटिक पुडीत होते आणि ड्रमात नव्हते. पाण्यात न विरणारी वस्तू पाण्यात नाहीशी झाली होती.

ती माझी सगळ्यात लांब पाच मिनिटं असतील. मग उठले आणि आम्ल-खार पाहण्याची कागदाची पट्टी बाटलीत बुडवली. पट्टी गडद निळी झाली. इतका कडक खार मी फक्त एकाच पाण्यात पाहिला होता, कॉलेजात मास्तरांनी दाखवलेल्या चुन्याच्या निवळीत.

आता हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. संत्रेवाले पावसाळ्याच्या आधी आणि नंतर झाडांच्या बुंध्यांना बोर्डो मलम लावतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं आणि मग एकत्र करायचं, त्यामुळे प्रत्येकाकडे दोन ड्रम असतात. एक आतून निळा, एक आतून पांढरा. मी आदल्या दिवशी पांढरा ड्रम डोळ्यांनी पाहिला होता. त्याच्या तळातलं पाणी माझ्या हातानं भरलं होतं. पण रोपवाटिकेतल्या ड्रमाला पांढरं लागलेलं असायचंच, असं समजून मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. जे अळीच्या पोटात व्हायचं ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या ड्रमात झालं होतं. स्फटिक विरले, प्रथिन सुटं झालं आणि त्या कडक निवळीत दिवसभर पडून नासलं. मावशींनी संध्याकाळी फवारलं ते नुसतं बियांचं पाणी.

मी साहेबांना रिकामी पट्टी दाखवली, मग निळा कागद दाखवला. त्यांनी पट्टी स्वतः पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिली. मग म्हणाले, "सुमनताई, हे आपण अहवालात लिहू." नेहमी ते मला नुसतं 'सुमन' म्हणायचे. पुढे तो अहवाल छापूनही आला. त्यात माझं नाव शेवटच्या ओळीत, आभारांत, चुकीच्या आडनावासह. त्याचं वाईट मला अजून वाटतं, आणि ते वाटू नये असं मला वाटत नाही.

दुपारच्या गाडीनं मी परत काटोलला. मावशींना सांगितलं तर त्या चिडल्याच.

"मोरचुदाच्या ड्रमात टाकलं नाही वं मी. मले समजते, मोरचूद जहर आहे, तुहे जंतू मरतीन म्हणून मुद्दाम चुन्याच्या ड्रमात भिजवलं. चुना त स्वच्छ रायते. निवळी त आम्ही लेकराले बी पाजतो."

त्यांनी विचार करूनच चूक केली होती, माझ्या जंतूंची काळजी म्हणून. मी म्हटलं, "मावशी, चूक तुमची नाही. कशात भिजवायचं ते मी लिहिलंच नाही. आमच्याकडे सगळं काचेचं आणि धुतलेलं. ड्रम डोक्यातच आला नाही माझ्या." पुडीवर सकाळ लिहिली, संध्याकाळ लिहिली, आणि भांडं लिहायचं राहिलं. मग मी बाटलीतलं पाणी त्यांच्या तळहातावर ओतलं आणि बोटांत चोळायला सांगितलं. बुळबुळीत लागलं. त्यांना लगेच पटलं. चुन्याचा हात त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखीचा होता.

"पण दुकानदार उद्या सकाळी येते," त्या म्हणाल्या.

"येऊ द्या. आज संध्याकाळी मला फवारू द्या."

मी सोबत नव्या पुड्या आणल्या होत्या. या वेळी भुकटी दोन पितळी घागरींत, विहिरीच्या ताज्या पाण्यात, फवाऱ्याच्या अर्धा तास आधी भिजवली. उन्हं कलल्यावर पंप मी पाठीवर घेतला. मावशींच्या बायका बांधावर उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्यात कौसल्याही होती. तिनं पदर नाकाला लावला होता. फवारा संपल्यावर मावशींकडे जुनं पांढरं धोतर मागितलं, ते फाडून चार वाफ्यांत रोपांच्या बुंध्यांशी अंथरलं आणि चारही बाजूंना दगड ठेवले. मावशींनी विचारलं, हे काय करून राहिली? मी म्हटलं, सकाळी सांगते. तिथेच मुक्काम केला. मावशींनी भाकरी आणि पातोडीची भाजी वाढली, मला धड खाववली नाही.

सकाळी आठला दुकानदार आला. सोबत पाठीवर पंप घेतलेला माणूस, स्वतःच्या हातात एंड्रिनचा डबा. वाफ्याजवळ जाऊन त्यानं पानं उलटून पाहिली आणि मोठ्यानं हसला.

"अवो बाई, अळ्या त जशाच्या तशा बसून आहेत. हे औषध आहे का प्रसाद?"

खरंच बसून होत्या, अगदी सगळ्या. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, थकवा होता, आणि तोच मला जास्त लागला. मी वाफ्यात वाकले आणि धोतराचे तुकडे दगडांखालून काढून मावशींच्या पुढे धरले.

"मावशी, रोज सकाळी बुंध्याखाली काय असतं?"

"काय असन, लेंड्या. काळ्या काळ्या. पसाभर."

"मग आता मोजा."

कापड पांढरंच्या पांढरं होतं. वरच्या कडेला दोन-चार दाणे, संध्याकाळी, अळ्यांचं खाणं सुटायच्या आधी पडलेले. मावशींनी चारही तुकडे उलटेपालटे करून पाहिले. मग एक अळी पानासकट तोडून हातावर घेतली. पानाची कड काल कुरतडलेली तशीच होती, पुढे घास नाही.

"म्हंजे रातभर खाल्लंच नाही इनं?"

"नाही. आता खाणारही नाही. आतडं बंद पडलं तिचं. दोन दिवस अशीच बसेल आणि मग लोंबकळेल. तुम्हाला अळी मेलेली पाहायची आहे, का रोप वाचलेलं?"

दुकानदार म्हणाला, "बसलेली अळी पाहून गिऱ्हाईक कलमा घेईन काय, पार्वताबाई?"

मावशींनी हातातलं पान खाली ठेवलं. "गिऱ्हाईक थंडीत येते गा. शनिवारपरेंत थांबतो आम्ही. तू जाय."

तो गेला. मी मनातल्या मनात त्या सगळ्या वर्तमानपत्रांना नमस्कार केला, ज्यांवरच्या लेंड्या मोजताना मी माझ्या नशिबाला बोल लावला होता. मला त्या क्षणी जो अभिमान वाटला तो पदवीच्या कागदानंही दिला नव्हता.

शनिवारी साहेब स्वतः जीपमधून आले, मी सोबत होते. फाटकातूनच दिसलं. वाफ्यावाफ्यांत अळ्या लोंबत होत्या, काळ्या पडलेल्या, मऊ, मागच्या पायांनी फांदीला धरून डोकं खाली. आणि त्यांच्या मधून जंबेरीची नवी पालवी वर आली होती, पोपटी, अखंड, एकाही पानाला दात न लागलेली. साहेब वाफ्यांच्या कडेनं चालत गेले आणि परत आले. मग चष्मा पुसत म्हणाले, "जमलं." मला नाचावंसं वाटत होतं. नाचले नाही, सरकारी नोकर होते.

मावशींनी बायकांना हाक मारली. पावसानं गवत माजलं होतं, निंदण तुंबलं होतं. बायका खुरपी घेऊन आल्या. कौसल्या नेहमीसारखी बांधावरच थांबली. कौसल्या वाफ्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. साहेब तिला समजावून सांगू लागले की आपल्या पोटात आंबट रस असतो, त्यामुळे या स्फटिकाचा माणसाला काही धोका नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "सुमनताई, तुम्ही बसान काय आत?"

मी पर्स साहेबांच्या हातात दिली. साडी खोचली, वाफ्यात उतरले आणि दोन रोपांच्या मध्ये बसून उघड्या हातांनी गवत उपटायला लागले. पानं गालाला घासत होती. चार-पाच मुठी उपटून झाल्या असतील, शेजारी सावली पडली. कौसल्या बसली होती. खुरपं हातात थरथरत होतं. पहिल्यांदा तिचा हात पानाला लागला आणि तिनं तो मागे घेतला. मग पुन्हा घातला. मग ती निंदत गेली, आधी हळू, नंतर माझ्यापेक्षा कितीतरी भरभर, मला मागे टाकून.

साहेबांनी जीपपाशी जाऊन घड्याळ पाहिलं आणि हाक मारली, निघायचं ना. नोकरीत मी साहेबांना कधी थांबवलं नव्हतं.

"थांबा साहेब," मी बसल्या जागेवरून म्हटलं, "आमचा वाफा व्हायचा आहे."